मैदानगप्पा: खालिद जमीलबद्दलची तुमची पत्रं

या खेपेला ऑफसाइड, मेस्सी की रोनाल्डो, मुलाला कुठले बूट घेऊ, असले नेहमीचे प्रश्न जवळजवळ नव्हतेच. 18 नोव्हेंबर 2025 ला ढाक्यात आपण बांगलादेशकडून 0-1 हरलो, 2003 नंतर पहिल्यांदाच, आणि तेव्हापासून पत्रांचा सगळा रोख राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक खालिद जमील यांच्यावर आहे. शिव्यांची पत्रं मी बाजूला ठेवली. उरलेल्यांतली थोडी निवडून उत्तरं देतोय.

सर, मी अकरावीत आहे, शाळेपासून फुटबॉल खेळतो. खालिद जमील यांचं नाव जाहीर झालं तेव्हा मी यूट्यूबवर त्यांचे खेळाडू असतानाचे गोल शोधले. काहीच मिळालं नाही. ते खरंच मोठे खेळाडू होते का? आणि खेळाडूचा थेट देशाचा प्रशिक्षक कसा होतो?
— एक विद्यार्थी, नाशिक

नाही मिळणार, बाळा. खालिद खेळायचा तेव्हा आपल्या लीगचे सामने टीव्हीवर दिसले तर दिसले. त्यात तो मधल्या फळीतला. तिथल्या माणसानं चेंडू हिसकावायचा, जवळच्या आपल्या गड्याकडे द्यायचा आणि परत जागेवर यायचं. त्याचे व्हिडिओ कोण जपून ठेवणार? पण भारताची जर्सी घातलेला खेळाडू आहे, त्यामुळे लहान म्हणू नकोस.

जन्म 1977 चा, कुवेतमधला. घर पंजाबी. आखाती युद्धाच्या धामधुमीत कुटुंब तिथून निघालं आणि पोरगा मुंबईकर झाला. तेव्हाची मुंबई ऑफिस टीमची होती. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया, रेल्वे, बँका. मी स्वतः एका बँकेच्या टीमकडून लेफ्ट हाफ खेळायचो. सकाळी प्रॅक्टिस, मग मस्टरवर सही, आणि मॅच असेल त्या दिवशी साहेबाच्या कपाळावर आठी. नोकरी पक्की असल्यानं कोणी फार जिवावर उदार होऊन खेळायचं नाही, हेही खरं. खालिद याच जगाच्या शेवटच्या पिढीतला. महिंद्रा, मग एअर इंडिया, मग परत महिंद्रा युनायटेड. 2005-06 ला महिंद्रानं राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या फुटबॉलचा तो शेवटचा मोठा दिवाळसण म्हणावा लागेल, कारण 2010 मध्ये कंपनीनं संघच गुंडाळला.

त्याच्या खेळण्याच्या काळातली एक गोष्ट मुंबईच्या मैदानांवर अजून सांगतात. कोलकात्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांनी, ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांनी त्याला विचारलं होतं. त्या वेळी दोघांच्याही जर्सीवर दारू कंपन्यांची नावं. खालिद धर्मानं चालणारा माणूस. पैसे मुंबईपेक्षा जास्त होते, तरी गेला नाही. पुढे याच दोन्ही क्लबांनी त्याला प्रशिक्षक म्हणून नेलं, ही मजा वेगळी.

2007 मध्ये मुंबई एफसी नावाचा नवा क्लब निघाला. खालिद तिथे खेळाडू म्हणून आला, पण दुखापतींनी त्याला खेळू दिलं नाही. मग क्लबच्या एकोणीस वर्षांखालच्या पोरांना शिकवायला लागला, आणि 2009 मध्ये मुख्य संघच हातात आला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा. त्या वयात अनेक जण अजून खेळत असतात.

तुला पुढे जे काही बघायचं आहे ते इथे बघ. मुंबई एफसीत तो सात वर्षं होता आणि त्यात एकही मोठा करंडक नाही. दरवर्षी एकच काम, आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वांत वरच्या लीगमधून, खाली घसरायचं नाही. गोव्याचे आणि कोलकात्याचे क्लब परदेशी स्ट्रायकरवर ओतायचे तेवढ्या पैशात याला निम्मी टीम उभी करावी लागायची. मुंबईच्या कूपरेज मैदानाचं काम निघालं तेव्हा तर घरचे सामनेसुद्धा घरी नव्हते, पुण्याला बालेवाडीला. मुंबईचा संघ, एक्स्प्रेस वेवरून जाऊन होम मॅच खेळतोय! मी काही सामने तिथे पाहिलेत. एवढं मोठं स्टेडियम आणि माणसं इतकी थोडी, की बेंचवरून ओरडलेलं सगळं वर गॅलरीत ऐकू यायचं. बॅकलाइन एकसारखी सरकायची, चेंडू गेला की दोन जण मागे, एक पुढे. बघायला सुंदर नव्हतं. पण त्या टीमला हरवायला आलेला संघ शेवटच्या दहा मिनिटांत वैतागलेला असायचा. सात वर्षांत एकदाही संघ खाली गेला नाही. 2015-16 मध्ये तर पाचवा आला, आणि त्याच मोसमानंतर क्लबनं खालिदशी फारकत घेतली.

पुढचं वर्ष वाच आणि मग सांग. मिझोरामचा आयझॉल एफसी त्या 2015-16 मध्ये शेवटून दुसरा आला होता. शेवटी होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, पण त्यांना थेट प्रवेश दिलेला असल्यानं घसरणीतून सूट होती, म्हणून खाली गेला आयझॉल. मग गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपोनं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या धोरणावर रागावून लीग सोडली, आणि जागा भरायला आयझॉलला परत बोलावलं. अशा संघाला हवा होता प्रशिक्षक, आणि खालिद मोकळा होता. जाताना मुंबई एफसीतले जयेश राणे, आशुतोष मेहता असे त्याच्या हाताखालचे खेळाडू तिकडे आले. सीरियाचा अल अम्ना, लायबेरियाचा आल्फ्रेड, गोव्याचा गोलकीपर अल्बिनो, बाकी स्थानिक मिझो पोरं. 22 एप्रिल 2017 ला आयझॉलच्या मैदानावर मोहन बागानला 1-0 हरवलं, गोल केला बचावपटू झोमिंगलियाना राल्टेनं. आठ दिवसांनी शिलाँगमध्ये तिथल्या लाजाँग संघाशी शेवटचा सामना. विजेतेपदाला एक गुण हवा. नवव्या मिनिटालाच लाजाँगच्या डिकानं गोल ठोकला. इकडे कोलकात्यात बागान जिंकायच्या वाटेवर. 67 व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलानं बरोबरी साधली आणि मग वीस-पंचवीस मिनिटं खालिदचा संघ ते करत राहिला जे त्यानं मुंबईत सात वर्षं शिकवलं होतं. 37 गुण, बागानचे 36. ईशान्येतला पहिला राष्ट्रीय विजेता.

आणि त्याच मोसमात शेवटचा कोण आला असेल? मुंबई एफसी. खाली गेला आणि बंदच झाला. मुंबईचा म्हणून मला याचं अजून वाईट वाटतं.

पुढचं भराभर सांगतो. ईस्ट बंगाल झालं, मोहन बागान झालं, दोन्हीकडे वर्ष-सहा महिने. कोलकात्यात प्रशिक्षकाची खुर्ची तेवढीच टिकते. मग गुवाहाटीचा नॉर्थईस्ट युनायटेड. तिथे आधी तो सहायक. परदेशी प्रशिक्षक हटवला की खालिदला पुढे करायचं, नवा परदेशी आला की परत मागे. जानेवारी 2021 मध्ये असाच तात्पुरता आला, आणि उपांत्य फेरीच्या दुसऱ्या लढतीपर्यंत संघ हरलाच नाही. आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, बाद फेरीत संघ नेणारा पहिला भारतीय प्रशिक्षक. मग कुठे पक्की नेमणूक झाली, आणि पुढच्याच मोसमात संघ दहावा आला! तिथून बंगळुरूचा तिसऱ्या श्रेणीतला क्लब, आणि 2023 च्या अखेरीला जमशेदपूर. तिथे 2024-25 मध्ये उपांत्य फेरी, सुपर कपचा अंतिम सामना, महासंघाचा वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक हा किताब लागोपाठ दोनदा. आधीचे राष्ट्रीय प्रशिक्षक मानोलो मार्केझ गेल्यावर त्या पदासाठी 170 अर्ज आले. शेवटच्या तिघांत स्टीफन कॉन्स्टन्टाइन, स्लोव्हाकियाचा टार्कोविच आणि खालिद. 1 ऑगस्ट 2025 ला नाव जाहीर झालं.

आता तुझ्या प्रश्नातला "थेट" हा शब्द खोड. खेळणं थांबल्यावर सोळा-सतरा वर्षं लागली.

तुमच्या लेखांत खालिद यांचं कौतुक असतं म्हणून विचारतो. लांब थ्रो टाकायचा, डोकं लावायचं, मग अकरा जणांनी मागे बसायचं, याला फुटबॉल म्हणायचं का? जमशेदपूरचेही सामने मी बघितलेत. झोप येते.
— निवृत्त अभियंता, कोथरूड, पुणे

काका, झोप येत असेल तर दुपारचे सामने बघू नका.

चेष्टा सोडून सांगतो. तुमचा आक्षेप अर्धा बरोबर आहे, आणि कुठला अर्धा तेच महत्त्वाचं. ऑगस्टच्या शेवटी ताजिकिस्तानात हिसोरला, मध्य आशियाई देशांच्या स्पर्धेत, खालिदचा पहिला सामना झाला, यजमानांविरुद्ध. मोहन बागाननं खेळाडू सोडले नव्हते, सुनील छेत्रीला खालिदनं स्वतःच घेतलं नव्हतं, शिबिर जेमतेम. पाचव्या मिनिटाला डाव्या बाजूला थ्रो मिळाला. घ्यायला आला उवैस, पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना, आधी जमशेदपूरला खालिदच्याच हाताखाली खेळलेला. असल्या थ्रोची गंमत पुन्हा लावून बघा. टाकणारा चेंडू पुसत मागे जातो तेव्हा आतल्यांची हालचाल सुरू झालेली असते. एक जण गोलकीपरच्या अंगाला चिकटून उभा, त्याला पुढे येऊ द्यायचं नाही. उंच गडी मागून धावत येणार, उभ्यानं उडी मारणार नाही. आणि दोघं बॉक्सच्या तोंडाशी, परत येणाऱ्या चेंडूसाठी. अन्वर अलीनं हेडर मारला, गोल. तेराव्या मिनिटाला आणखी एक, राहुल भेकेचं हेडर गोलकीपरनं अडवलं आणि झिंगननं ढकललं. भेके आपला मुंबईचा, त्याच ऑफिस टीमच्या पडत्या काळात वाढलेला. मग आपला गोलकीपर गुरप्रीतनं एक पेनल्टी वाचवली आणि सामना 2-1 नं जिंकला.

हे फुटबॉलच आहे, काका. चार भाकऱ्यांच्या पिठात सहा जणांचं जेवण काढणाऱ्या बाईला "पुरणपोळी का नाही केली" असं विचारत नाहीत. इराणकडून 0-3 हरलो, अफगाणिस्तानशी बरोबरी झाली, आणि तिसऱ्या जागेच्या लढतीत ओमानला पेनल्टींवर हरवलं. ओमान आपल्यापेक्षा बराच वरचा संघ, त्यांना अशा रीतीनं का होईना, आधी कधी हरवलं नव्हतं.

तुमचा बरोबर असलेला अर्धा भाग पुढे येतो. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतले सिंगापूर आणि बांगलादेश आपल्यावर चालून येणारे संघ नव्हेत. तिथे चेंडू आपल्या पायात राहणार, आणि आपल्याला त्याचं काहीतरी करावं लागणार. सिंगापूरला झिंगन लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, दहा जण उरले, आणि तेव्हा खालिदचा संघ खरा शोभला. शेवटच्या मिनिटाला रहीम अलीनं त्यांच्या बचावाची चूक पकडून बरोबरी केली. पण पाच दिवसांनी मडगावला, अकरा विरुद्ध अकरा, छांगटेच्या गोलनं आघाडी घेऊनही 1-2 हरलो. ढाक्यात सुरुवातीलाच गोल खाल्ला आणि नंतर सगळा वेळ चेंडू इकडून तिकडे. आघाडी राखणं, घसरण टाळणं, मोठ्याला वैताग आणणं ही खालिदची विद्या. गोल खाऊन मागे पडलेल्या संघाला बंद दरवाजा उघडून देणं ही ती विद्या नव्हे, आणि त्याला ती करायची वेळ मुंबई एफसीत फारशी आलीच नाही.

आणखी एक, जे टीव्हीवर दिसत नाही. खालिद रोजच्या सरावावर जगणारा प्रशिक्षक आहे. तीच बॅकलाइन, तोच थ्रो, तीच धाव, सोमवार ते शनिवार, महिनोन् महिने. राष्ट्रीय प्रशिक्षकाला खेळाडू मिळतात दहा दिवस, त्यातले तीन विमानात. वर 2025 मध्ये व्यावसायिक कराराच्या घोळात आयएसएलच लटकली, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरला पोरं आली ती लीगचे सामने न खेळता. ज्याचं हत्यार सराव, त्यालाच सराव नाही. ही त्याची सबब म्हणून मी मांडत नाही, पद घेताना दहा दिवसांचा हिशेब त्याला ठाऊक होता. पण यापुढे त्याला निराळा प्रशिक्षक व्हावं लागेल, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते सोपं नाही.

14 ऑक्टोबरला मी फातोर्ड्याला होतो. सिंगापूरनं दुसरा गोल केल्यावर स्टेडियममध्ये जी शांतता झाली ती विसरणार नाही. पण माझा प्रश्न वेगळा. पेपरांत खालिद "पहिला भारतीय" असल्यासारखं छापतात. आमचे सावियो, आर्मांदो कुठे गेले?
— एक वाचक, मडगाव

तुमचा राग रास्त आहे. आपल्याकडे आयएसएल सुरू झाली त्या वर्षापासून इतिहास मोजायची सवय लागली आहे.

सावियो मेदेरा साळगावकरचा आणि भारताचा खेळाडू, 2011 मध्ये राष्ट्रीय प्रशिक्षक. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीला दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात अफगाणिस्तानला 4-0. तीनच महिन्यांनी काठमांडूच्या चॅलेंज कपमध्ये तिन्ही सामने हरलो आणि पद गेलं. बरोबर लिहायचं तर खालिद हा सावियोनंतरचा पहिला पूर्णवेळ भारतीय. त्याआधी 2011 मध्येच आर्मांदो कुलासोंनी थोडा काळ संघ सांभाळला. धेंपोला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिलेला माणूस. आणि डेरिक परेरा? तेही साळगावकरचे, भारताकडून खेळलेले. वर ज्या महिंद्राच्या 2005-06 च्या विजेतेपदाबद्दल लिहिलं, त्या संघाचे प्रशिक्षक डेरिकच. खालिदवर त्यांचा किती हात आहे हे खालिदनंच सांगावं, पण त्या महिंद्राचा बचाव पाहिलेल्यांना मुंबई एफसी बघताना ओळख लागायची.

आणखी मागे जायचं तर पी. के. बॅनर्जी 1960 च्या रोम ऑलिंपिकचे कर्णधार, पुढे राष्ट्रीय प्रशिक्षक. नईमुद्दीन 1970 च्या आशियाई ब्राँझच्या संघाचे कर्णधार, तेही पुढे प्रशिक्षक. आणि सगळ्यांच्या वर हैदराबादचे रहीमसाहेब. 1951 आणि 1962 ची आशियाई सुवर्णं, 1956 ला मेलबर्नमध्ये ऑलिंपिकची उपांत्य फेरी. ते मुळात शाळामास्तर. खेळाडू म्हणून त्यांचं नाव कोणी घेत नाही, आणि आजवर त्यांच्या जवळपासही कोणी गेलेलं नाही. त्यांच्याकडे मात्र शिबिरं दीर्घ असायची. दहा दिवसांची नव्हे.

फातोर्ड्याची शांतता मी टीव्हीवर ऐकली. आशियाई चषकाचं दार तिथेच लागलं. पण तुम्ही तिकीट काढून गेलात, त्याबद्दल आभार.

इथे मित्रांत वाद झाला. एक म्हणतो, जगात कुठेही मोठा खेळाडूच मोठा प्रशिक्षक होतो. झागालो, बेकेनबाउअर, देशाँ बघा. तुम्ही निकाल द्या. हरलेला बिर्याणी देणार आहे.
— मराठी मित्रमंडळ, शारजा

खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी विश्वचषक जिंकलेले तिघेच, आणि तुमच्या मित्रानं नेमके तेच निवडलेत. म्हणजे अख्ख्या इतिहासात तीन. बेकेनबाउअरकडे 1984 मध्ये प्रशिक्षकाचा परवानासुद्धा नव्हता, जर्मनांनी पदाचं नाव बदलून त्याला बसवलं. उलट बाजूला स्कालोनी बघा. अर्जेंटिनाच्या 2006 च्या विश्वचषक संघात होता एवढंच, तारा वगैरे कधीच नाही. 2018 मध्ये तात्पुरता म्हणून नेमला, कुठल्याही क्लबचा मुख्य प्रशिक्षक न होता. लोकांनी टिंगल केली. 2021 ला कोपा, 2022 ला विश्वचषक.

स्कालोनीकडे मेस्सी होता हे खरं. खालिदकडे छेत्री होता, पण एक्केचाळीस वर्षांचा, आणि सिंगापूरच्या सामन्यांनंतर तोही निवृत्त झाला.

बिर्याणी मित्रानं द्यावी.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, इथल्या एका तालमीच्या संघाकडून खेळतो. चांगला खेळतो असं सगळे म्हणतात. यजमानांचं म्हणणं, बारावी होऊ दे, क्रीडा कोट्यातून नोकरी बघू. मुलगा म्हणतो मला खेळून झाल्यावर कोच व्हायचंय, खालिद जमीलसारखं. दोन्ही बाजूंनी माझ्याकडेच बघतात. काय करावं?
— एक आई, कोल्हापूर

ताई, तुमच्या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

आधी तुमच्या गावाबद्दल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच असली की आयएसएलच्या कित्येक सामन्यांपेक्षा जास्त गर्दी असते, आणि ती गर्दी पास चुकला की नावानं हाक मारून सांगते. असलं शिक्षण मुंबईत कुठल्याही अकादमीत पैसे भरून मिळत नाही. पण पेठेतलं कौतुक पेठेतच राहतं, हेही तुम्हाला ठाऊक असेल. अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला तो कोल्हापूरचा, पण त्याला लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं.

यजमानांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. मी स्वतः त्याच भाकरीवर जगलो. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, पण तालमीच्या संघातून खेळलेल्या ढीगभर सामन्यांचा त्यासाठी उपयोग नाही. लागतं ते ठरावीक स्पर्धांचं प्रमाणपत्र, आणि तेही क्रीडा खात्यानं पडताळलेलं. म्हणून मुलाला जिल्हा आणि राज्य संघाच्या निवड चाचण्या चुकवू देऊ नका. तालमीची मॅच त्याच दिवशी असली आणि मंडळाचे लोक नाराज झाले, तरी चालेल. मिळालेलं प्रत्येक प्रमाणपत्र एका फाइलमध्ये ठेवा. नावाचं स्पेलिंग दहावीच्या दाखल्याशी जुळतंय ना बघा. हसू नका, या एका कारणानं वर्षवर्ष खेटे घालणारी पोरं मी पाहिली आहेत.

आता कोच व्हायचं. त्याची पायरी ठरलेली आहे: आधी डी परवाना, मग आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो. डी ला अठरा वर्षं पूर्ण लागतात, आणि आपल्या राज्यात ते वर्ग वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन भरवते. दोन पायऱ्यांच्या मध्ये प्रत्यक्ष संघ शिकवल्याचा अनुभव दाखवावा लागतो, त्यामुळे पैसे भरून धडाधड वर चढता येत नाही. आयएसएलच्या मुख्य प्रशिक्षकाला प्रो लागतो. खालिद त्या पायऱ्या एकेक करून चढला, एकीकडे संघ घसरणीतून वाचवत.

मुलाला एक गोष्ट मात्र सांगा. खालिदला खेळणं सुटलं तेव्हा मुंबईत क्लब होते. महिंद्रा होता, एअर इंडिया होता, मुंबई एफसी होता. बत्तिशीतल्या माणसाला अख्खा संघ देऊन सात वर्षं धीर धरणारा मालक होता. त्यांतला एकही आज देशाच्या मोठ्या लीगमध्ये उरलेला नाही. तुमच्या मुलाला ती जागा आपोआप मिळणार नाही, आणि बहुतेक प्रशिक्षकांना महिन्याकाठी जे मिळतं त्यात घर चालत नाही. शाळेत क्रीडाशिक्षक, अकादमीत सकाळ-संध्याकाळचे वर्ग, अशीच बहुतेकांची सुरुवात असते.

पण दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत असं धरून तुम्ही उगाच मध्ये सापडला आहात. पोलीस, रेल्वे, बँका यांतल्या नोकरीवर राहून परवाने काढलेले कितीतरी लोक आहेत. पोरानं बारावी करावी, निवड चाचण्या द्याव्यात, आणि तालमीतल्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना रविवारी सकाळी शिकवायला आत्तापासून लागावं. पंधरा पोरांना एका रांगेत उभं करून दोन तास त्यांचं लक्ष टिकवता येतं का, हे त्याला दोन महिन्यांत कळेल, आणि तुम्हालाही. टिकलं तर अठरा पूर्ण झाले की डी चा अर्ज भरा. जागा मोजक्या असतात आणि लवकर भरतात, म्हणून वर्गाची जाहिरात कधी येते याची चौकशी जिल्हा संघटनेत आधीच करून ठेवा.